सोळा बोर, वाकडा दस्ता

५ फेब्रुवारी १९५१, दाना ओली, लष्कर शहर

आज कोतच्या किल्ल्या देऊन आलो. पलटणीच्या शस्त्रागाराला कोत म्हणतात आणि अठरा वर्षं मी त्याचा हवालदार होतो. किल्ल्या घेणारा पोरगेलासा जमादार न मोजताच सही करत होता. मी त्याला सगळ्या रायफली पुन्हा मोजायला लावल्या. "दादा, आप पर भरोसा है," म्हणाला. मी म्हटलं, भरोसा असेल तर दोनदा मोज.

एप्रिलपासून राज्याची फौज हिंदुस्थानच्या फौजेत जाणार. जवान चाळिशीच्या आतले घेणार. मी चव्वेचाळीसचा. अफसरांसाठी मार्चमध्ये मुरारला मंडळ बसणार आहे. ज्यांना घेतील ते तरले, बाकीचे घरी.

रोज संध्याकाळी रजिस्टर लिहायची सवय आहे. रजिस्टर गेलं, म्हणून ही वही आणली.

९ फेब्रुवारी

बँकेत जाऊन आलो. मॅनेजर भालचंद्रराव बोलायला गोड, पण समोरच्याच्या जोड्यांकडे बघत बोलतात. पहारेकरी हवा आहे, एक एप्रिलपासून. "पण बंदूक तुमची स्वतःची पाहिजे, हवालदार. बंदूक नसेल तर काठीवाले माझ्याकडे पुष्कळ येतात."

आपल्याकडे हे असंच आहे. नोकरी बंदुकीला मिळते, माणूस तिच्यामागून येतो. परवाना मला मिळाला आहे, पण त्यावर शेरा आहे: ३१ मार्चच्या आत बंदूक घेऊन नोंद करावी, नाहीतर परवाना रद्द. नवी बारा बोर, म्हणजे सगळीकडे चालते त्या मापाच्या नळीची, आवाक्याबाहेर आहे. जुनी मिळते, पण जुनी का विकतात, हा प्रश्न येतोच. चांगली वस्तू कोणी विकत नाही.

घरी बायको, दुर्गा, म्हणाली, "मग तुमचा सायकलीचा दिवा का विकला होता? चांगला तर होता."

१४ फेब्रुवारी

बळवंत पलटणीच्या दफ्तरात कारकून आहे. त्याने सांगितलं, कप्तान जयसिंहरावांकडे एक दुनळी विकाऊ आहे, किंमत अर्धी. सकाळी गेलो.

साहेबांना मी पंधरा वर्षं ओळखतो. सेहेचाळीस साली तिघऱ्याच्या तलावावर त्यांनी उडत्या बदकांची जोडी दोन बारांत पाडली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. अशी नजर पलटणीत दुसऱ्याची नव्हती. सत्तेचाळीसमध्ये घोड्यावरून पडले, महिनाभर इस्पितळात होते, त्यानंतर दफ्तरातच बसू लागले. मोठा अफसर झाला की चांदमारीला कशाला येईल.

बाईसाहेबांनीच बंदूक आणली. इंग्रजी, घोडे आत लपलेले, नळ्या आतून आरशासारख्या. पण सोळा बोर. बारा बोरला शंभर गिऱ्हाइकं, सोळाला एक, तेही मूर्ख. खांद्याला लावली आणि चमकलो. नळ्यांवरची पट्टी डोळ्यांसमोर येईच ना. बघितलं तर दस्ता, खांद्याला टेकायचं लाकूड, मानेपासून चांगला तीन-चार बोटं उजवीकडे झुकलेला.

"साहेब, दस्ता वाकडा आहे."

"जुनं लाकूड आहे, हवालदार. वाकतं." साहेब हसले, पण बाईसाहेबांकडे बघून.

अठरा वर्षं मी अक्रोडाचं लाकूड हाताळलं आहे. ते फुटतं, चिरतं, त्याचा भुगा होतो. आपणहून वाकत नाही.

मी विचारलं, "का विकताय?"

"दोन बंदुका कशाला घरात?" असं बाईसाहेब म्हणाल्या. दुसरी बंदूक मला कुठे दिसली नाही.

साहेबांनी मला पाणी ओतून दिलं. हात अगदी स्थिर, पण धार पेल्याच्या बाहेर, चौरंगावर. बाईसाहेबांनी पेला पुढे सरकवून धारेखाली धरला, जणू रोजचंच. सकाळचे नऊ वाजले होते. दारूचा वास आला नाही, पण शंका आलीच.

परीक्षेसाठी थोडे दिवस न्यायला दिली. साहेबांनी परवानगीची चिठ्ठी लिहून दिली. फाटकापाशी बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "सूर्याजी, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला दाखवलीसुद्धा नसती. दुकानात नेऊ नका. आमची आहे हेही बोलू नका. आणि काय ते दहा मार्चच्या आत ठरवा."

मी हो म्हटलं. घर येईपर्यंत तेच डोक्यात. दुकानात नेऊ नका, नाव सांगू नका, लवकर ठरवा. चोराच्या मालाला याच तीन अटी असतात.

१५ फेब्रुवारी

दुर्गाने बंदूक पाहिली नाही, फक्त गोष्ट ऐकली. म्हणाली, "बाईसाहेबांचा चेहरा कसा होता?"

"चेहऱ्याचं काय?"

"तेच म्हणते मी. बंदुकीची नळी आतून पाहिलीत, बाईचा चेहरा नाही पाहिलात."

१९ फेब्रुवारी

टोपी बाजारात गेलो, बंदूक रजईच्या खोळीत गुंडाळून. शब्द दिला होता हे लक्षात आहे. पण शब्द विकायला नेण्याबद्दल होता, आणि नुसती तपासणी म्हणजे दुकानात नेणं नव्हे.

दौलतसिंह जुना कारागीर. आधी काडतुसांचं विचारलं. म्हणाला, सोळा बोरची पेटी कलकत्त्याहून येते, वर्षातून दोनदा, आली तर. मग खोळ काढली. त्याने बंदूक हातात घेतली आणि एकदम गप्प झाला. उलटीसुलटी करून बघितलीही नाही, जशी ओळखीच्या माणसाची भेट व्हावी.

"ले लो, दद्दा. अच्छी चीज़ है."

"दस्ता मोडून चिकटवलाय ना? खरं सांग."

इथे तो भडकला. "टूटा? अरे तेल में पका-पकाकर मोड़ा है! तीन दिन लगे, एक रेशा नहीं चटका. पूरे लश्कर में कोई करके दिखाए! जिसकी दाईं आँख न हो और कंधा दायाँ ही रखना हो, उसके लिए..."

आणि तोंड मिटून घेतलं.

मी धरूनच बसलो. मग त्याने एवढंच समजावलं: उजवा डोळा गेलेला माणूस बंदूक उजव्याच खांद्याला लावतो, पण नेम डाव्या डोळ्याने धरतो. म्हणून दस्ता असा वळवतात, की नळ्या डाव्या डोळ्यासमोर याव्यात. फौजेत मी हे कधी पाहिलं नाही. फौजेत दस्ता माणसासाठी वळत नाही. आता पुन्हा सरळ करायला गेलं तर फुटेल, नवा दस्ता बसवावा लागेल.

"कोणासाठी केलं होतंस?"

"गाहक का नाम हम नहीं बताते."

तीन दिवस लागले हे याला ठाऊक, म्हणजे काम याचंच. आणि नाव सांगत नाही, म्हणजे भानगड आहे.

२० फेब्रुवारी

रात्रभर नव्हे, पण पहाटेपासून विचार केला. सरळ हिशेब आहे. बंदूक एका काण्या माणसासाठी वाकवली. साहेबांचे दोन्ही डोळे शाबूत, मी परवाच पाहिले, काळेभोर, दोन्ही हलतात. तेव्हा बंदूक मुळात साहेबांची नाही, किंवा मधे कोणा काण्याकडे होती. तो काणा कोण? ती त्याच्याकडून कशी आली? खोऱ्यात डाकूंनी घरं लुटली त्यांत कितीतरी बंदुका गेल्या. अशी एखादी माझ्या नावावर चढली, तर बँकेच्या दारात उभा राहण्याऐवजी मी कचेरीच्या पिंजऱ्यात उभा राहीन.

दुर्गाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "आणि तुम्हाला वाटतं काणा दुसराच कोणी?"

"मग काय साहेब?" मला हसू आलं. "उडती जोडी पाडलेला माणूस आहे तो."

"कधी पाडली होती?"

"सेहेचाळीसला."

ती म्हणाली, "देऊन या ती बंदूक. आजच. आणि तोंड बंद ठेवा."

बायकांना हत्याराची भीती वाटते.

२४ फेब्रुवारी

बंदूक जवळच आहे. दौलतगंजमध्ये चौकशी केली. काणे तीन निघाले. एक भडभुंजा, एक कीर्तनकार, एक बैल विकणारा. कोणी बंदूकवाला नाही. भडभुंजा उलट भांडायला उठला.

२७ फेब्रुवारी

साहेबांच्या बंगल्यावर पुन्हा गेलो, "अजून बघतोय" एवढं सांगायला. हाक मारण्याआधी व्हरांड्यात उभा राहिलो. आत दोघं बोलत होते. बाईसाहेब म्हणत, "चौथी ओळ." साहेब इंग्रजी अक्षरं म्हणत, "एल, पी, ई, डी." "पाचवी." "पी, ई, सी, एफ, डी." मग बाईसाहेब: "चुकलात नाही. आता खालून वर."

यातून शब्द काही होत नाही. मी तिथेच बोटावर लिहून पाहिलं. खुणेची भाषा असणार.

मी खोकलो तेव्हा आवाज बंद झाले. साहेब बाहेर आले, दाराच्या उजव्या चौकटीला खांदा आपटला, तरी काही झालंच नाही असे बसले. मला डाव्या हाताच्या खुर्चीवर बसवलं. उजवीकडची रिकामीच होती. बाईसाहेबांनी विचारलं, "कोणाला दाखवली नाहीत ना?" मी म्हटलं, "छे." खोटं बोलायला आवडत नाही, पण जे लपवतात त्यांना खरं सांगायचं बंधन नसतं.

निघताना त्या म्हणाल्या, "सूर्याजी, किंमत जड वाटत असेल तर नुसता नारळ देऊन न्या."

अर्ध्या किमतीवरून नारळावर आल्या. आता मात्र माझी खात्री झाली.

३ मार्च

बळवंतकडून दोन गोष्टी कळल्या. पहिली, अफसर आपल्या खाजगी बंदुकांची नोंद पलटणीच्या दफ्तरात करतात, तेव्हा नंबर ताडून पाहता येईल. दुसरी, मंडळाबरोबर दिल्लीहून डॉक्टर मेजर आलेत, ते पक्के शिकारी आहेत. दहा तारखेला सगळ्या अफसरांना बदकांच्या शिकारीला तिघऱ्यावर बोलावलंय, आपापली बंदूक घेऊन. बळवंत हसत म्हणाला, "म्हणजे माणसं पारखायची तऱ्हा, दुसरं काय. तुझे जयसिंहराव म्हणालेत, माझ्याकडे आता बंदूकच नाही, विकली."

विकली! माझ्याकडून अजून नारळही मिळालेला नाही आणि साहेब सांगतात विकली. खोटं पकडलं की माणूस कसा हलका होतो.

५ मार्च

बंदूक घेऊन दफ्तरात गेलो. बळवंत सुट्टीवर. दुसऱ्या कारकुनाने नोंदवही काढली. नंबर जुळला. १९३८ पासून बंदूक जयसिंहरावांच्याच नावावर, मधे कोणाच्याही नाही. चोरीची नाही तर. मला बरं वाटायला हवं होतं, पण मग काण्याचं काय?

तेवढ्यात डॉक्टर मेजर आत आले. उंच, सरदारजी, बूट चकचकीत. सोळा बोर पाहून खूश झाले. "वाह! सोलह! बरसों बाद देखी." उचलून खांद्याला लावली. मान आपोआप आडवी झाली, डावा डोळा पट्टीवर आला. तसेच थांबले.

"यह किसकी है?"

मी विचार केला, जाणकार माणूस आहे, सरकारी आहे, याच्याकडून उलगडा होईल. सगळं सांगितलं. म्हटलं, "हुज़ूर, बंदूक कप्तान जयसिंहराव साहब की है. लेकिन दस्ता किसी काने के लिए बना है. साहब की नज़र तो बाज़ जैसी है. तो बीच में यह किसके पास रही, यही पूछ रहा हूँ."

मेजरसाहेबांनी बंदूक हळूच टेबलावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. दस्त्यावरून अंगठा फिरवला. "काम बहुत बढ़िया है," म्हणाले. मग खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. कारागिराचं नाव विचारलं नाही, तरी मी सांगून टाकलं.

"हवालदार साहब, आप कोत में थे?"

"अठारह साल, हुज़ूर."

"समझ गया," म्हणाले आणि गेले.

माझ्या कामाची कदर केलेला या महिन्यातला पहिला माणूस.

१२ मार्च

बळवंत घरी आला. चपला न काढताच उंबऱ्यात बसला.

"जयसिंहरावांना नापास केलं. डोळ्यांवर."

मंडळासमोर साहेब आधी सगळ्यात पास झाले होते म्हणे. कागद, नकाशा, तोंडी प्रश्न. मग डोळे तपासायचा तक्ता आला. उजव्या डोळ्याची पाळी आली तेव्हा साहेबांनी अक्षरं घडाघडा म्हटली, खालपर्यंत, एक चूक नाही. मेजर ऐकत राहिले. मग त्यांनी शिपायाला सांगून भिंतीवरचा तक्ता काढला आणि दुसरा लावला. साहेबांचा डावा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला. म्हणाले, "अब पढ़िए, कप्तान साहब."

साहेबांनी मान भिंतीकडे वळवली. म्हणाले, "तक्ता लगा है क्या?"

घोड्यावरून पडले तेव्हापासून उजवा डोळा गेलेला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आतून पडदा सुटलेला. चार वर्षं कोणाला पत्ता नाही. बळवंत म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा तक्ता बदलला नाही. मेजरला आधीच कोणीतरी सांगितलं असणार."

दुर्गा आतून आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बळवंतला पाणी दिलं.

१३ मार्च

आता सगळं जुळतं. पाणी, चौकट, अक्षरं, दहा तारीख. बंदूक खुद्द साहेबांचीच, साहेबांसाठीच वळवलेली. चोरी नाही, खून नाही, भानगड नाही. सौदा स्वच्छ आहे. नवा दस्ता बसवला की झालं. काडतुसं बँकेला कलकत्त्याहून मागवता येतील, भालचंद्रराव कुरकुरतील, पण मागवतील. घ्यावी असं ठरवलं.

दुर्गाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्या घरात जाणार? कोणत्या तोंडाने?"

"गिऱ्हाइकाच्या," मी म्हटलं. यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?

१६ मार्च

गेलो. नारळ नेला, आणि पैसेही, ठरल्याप्रमाणे पूर्ण. फुकट काही नको. बंदूकही बरोबर होती, सौदा तिथेच पुरा करावा म्हणून.

साहेब व्हरांड्यात साध्या कुडत्यात होते. गणवेशाशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. लहान वाटले. म्हणाले, "आण ती इकडे, सूर्याजी." इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

हातात दिली. त्यांनी ती उघडली, रिकामी आहे बघितली, मिटली आणि उभे राहून खांद्याला लावली. शेजारच्या बंगल्यातली माणसं कुंपणापाशी होती, रस्त्यावरून टांगा जात होता. साहेबांनी मान सावकाश आडवी केली, अगदी मेजरांनी केली होती तशी, आणि पिंपळावरच्या घारीवर नळ्या फिरवत नेल्या. घार उडाली तशा नळ्याही तिच्यामागे, न अडखळता. अजूनही तो हात तसाच आहे. एका डोळ्याने पाडली असती त्यांनी.

"चार वर्षं मागच्या खोलीत दार लावून करत होतो," ते म्हणाले. "बाहेर उजेड चांगला असतो."

मी पैसे पुढे केले. बाईसाहेब दारात होत्या. त्या म्हणाल्या, "आता नको विकायला, सूर्याजी. आता लपवायचं काय राहिलं?"

"बाईसाहेब, माझी नोकरी... एकतीस तारीख आहे."

"ह्यांचीही होती."

मग त्यांनी सरळ विचारलं, "दुकानात नेली होती?"

मी म्हटलं, "एकदाच. नुसती दाखवायला."

"आणखी कुठे?"

साहेब म्हणाले, "राहू दे, सरोजिनी." आणि बंदूक मांडीवर घेऊन बसले.

नारळ चौरंगावर ठेवून आलो. परत नेणं बरं दिसलं नसतं. मला आधी विश्वासात घेतलं असतं, तर मी कोणालाही बोललो नसतो. दाखवताना इतकं लपवलं, म्हणूनच हे सगळं झालं.

२४ मार्च

भालचंद्ररावांनी दुसरा माणूस घेतला. भिंडचा आहे, बारा बोरवाला. जोडे त्याचे माझ्यापेक्षा वाईट होते.

दुर्गा सोळा तारखेपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. काल विचारलं, काय झालंय? म्हणाली, "तुमच्या वहीत लिहून ठेवलं असेल की. वाचा."

वाचली. पहिल्यापासून. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.

३१ मार्च

परवाना आज संपला. कचेरीत जाऊन कागद जमा केला, पोच घेतली.

साहेब साताऱ्याला भावाकडे जाणार असं बळवंत म्हणाला. सामान बांधून झालंय. निरोपाला पलटणीतलं कोण कोण जाणार याची यादी त्याने केली होती, त्यात माझं नाव नव्हतं. मी विचारलं. तो म्हणाला, "बाईसाहेबांनी यादी बघून दिली."

मेजरना सांगितलं कोणी, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी तर त्यांच्यासमोर साहेबांच्या नजरेची तारीफच केली होती, ती ५ तारखेला लिहूनही ठेवली आहे. म्हणून आज कोतमध्ये करत असू तसा तक्ता आखला. हत्यार कोणत्या तारखेला कोणाच्या हातात गेलं, कोणी दिलं, परत कधी आलं. दौलतसिंह, १९ फेब्रुवारी. दफ्तरातला कारकून, ५ मार्च. मेजर, त्याच दिवशी. बंदूक न पाहता नुसती गोष्ट ऐकलेल्यांत दुर्गा, बळवंत आणि दौलतगंजचे तिघे काणे. दुर्गाचं नाव लिहून खोडलं.

'कोणी दिलं' या रकान्यात प्रत्येक ओळीवर माझंच नाव आलं. ते बरोबर आहे, देणारा मीच होतो. पण देणाऱ्याला कोतमध्ये कधी कोणी धरत नाही. घेणाऱ्यांपैकीच कोणीतरी फुटलं आहे. मला दौलतसिंहाचा संशय येतो. तो फार गप्प होता.